‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या भावाला डॉक्टरकडे न्यायचं कसं

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. भाऊ २३ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत बरं चाललेलं, मग केटी लागायला (विषय राहायला) लागल्या, होस्टेल सोडून घरी आला आणि गेले आठ महिने सांगली जिल्ह्यातल्या गावी एका खोलीत बसून आहे. खिडकीला पेपर चिकटवलेत, मोबाईल फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतो, शेजारचे काका बोअरची मोटर चालूबंद करून आपल्याबद्दल कुणाला तरी सिग्नल देतात असं म्हणतो, जेवण आईने आधी एक घास खाल्ल्याशिवाय तोंडात घालत नाही. वडील म्हणतात नाटकं आहेत, आईने दोन देवऋषी करून झाले, मामांचं म्हणणं लग्न लावून द्या ठिकाणावर येईल, आणि तुमचं स्वतःचं लग्न बघणं चालू असल्यामुळे घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. एवढं सगळं असून तुम्ही प्रश्न एकच विचारलाय, की तू आजारी आहेस हे त्याला पटवायचं कसं.

पटवू नका. म्हणजे आत्ता तरी नकाच.

मी डॉक्टर नाही, गोळ्या लिहून देत नाही. मानसोपचार विभागात सोशल वर्कर म्हणून २३ वर्षं काढलीत, त्यातली पहिली नऊ मनोरुग्णालयात. या सगळ्या वर्षांत नातेवाईकांची सगळ्यात जास्त ताकद मी एकाच गोष्टीत वाया जाताना पाहिली आणि ती ही पटवापटवी. एका घरी वडिलांनी मुलाला हाताला धरून शेजाऱ्यांकडे नेलं, म्हणाले यांनाच विचार हे तुझ्याबद्दल काही बोलतात का. शेजारी बिचारे साधे, म्हणाले नाही रे बाळा आम्ही कशाला बोलू. संध्याकाळपर्यंत मुलाच्या डोक्यात पक्कं झालं होतं की वडील पण त्यांना सामील आहेत. आता ज्या एका माणसाचं त्याने थोडंफार ऐकलं असतं तोही गेला.

अर्धांगवायूच्या काही पेशंटना आपला हात लुळा पडलाय हेच कळत नाही, हात उचला म्हटलं तर म्हणतात उचललाय की. हट्ट नसतो तो, मेंदूतली स्वतःकडे बघायची सोयच बिघडलेली असते. सायकोसिसमध्ये, म्हणजे माणसाला भास व्हायला लागतात, नसलेल्या गोष्टींवर ठाम विश्वास बसतो त्या अवस्थेत, बऱ्याच जणांचं असंच होतं. ‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य त्या आजाराचं लक्षणच आहे, जसा टायफॉइडमध्ये ताप. तापाशी कुणी वाद घालत नाही.

मग बोलायचं काय. मोटरचा सिग्नल खरा आहे असंही म्हणायचं नाही आणि खोटा आहे असंही नाही. ‘मला तो आवाज तसा वाटत नाही रे, पण तुला त्रास होतोय आणि तू रात्रभर जागा असतोस हे मला दिसतंय’, एवढंच. हे वाक्य फोनवर नको, गावी जा, त्याच्या खोलीत जमिनीवर बसा, समोरासमोर नको शेजारी बसा, आणि पहिल्या दिवशी डॉक्टर हा शब्द काढू नका. त्याला स्वतःला कशाचा त्रास वाटतोय ते शोधायचं. दहातल्या आठ जणांच्या बाबतीत ती झोप निघते. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला छातीत धडधडतं, कुणाला भूक नसते. मग ‘झोपेसाठी एकदा दाखवूया का’ हे वाक्य येऊ शकतं, आणि यात खोटं काही नाही कारण झोप खरंच उडालेली असते. ‘तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, चल’ या वाक्यावर आजवर कुणी उठून आलेलं मी पाहिलं नाही.

आता ओळखायचं कसं याबद्दल, कारण वडिलांचं ‘नाटकं’ हेही तुम्हाला उडवून लावता येणार नाही, त्यांना काहीतरी दाखवायला हवं. या वयाची पोरं अशीही खोलीत बसतात, मोबाईलमध्ये असतात, उलट उत्तरं देतात, अंघोळीला टाळाटाळ करतात. फरक बदलात असतो. जो मुलगा कधीच बोलका नव्हता तो गप्प आहे यात काही नाही, पण गणपतीत मंडळाचा ढोल वाजवणारा मुलगा यंदा आरतीलाही खाली आला नाही, हे लक्ष देण्यासारखं. झोपेचं चक्र उलटं होणं, अभ्यासाची घसरण, मित्र एकेक करून तुटणं, कपडे न बदलणं, एकटंच हसणं किंवा ओठ हलवणं, टीव्हीवरचा माणूस माझ्याबद्दलच बोलतोय असं म्हणणं, खाण्यावर संशय, हे सगळं हळूहळू महिन्यामहिन्यांत येतं म्हणून घरातल्यांना दिसत नाही, दिवाळीला आलेल्या आत्याला पटकन दिसतं. तुम्हालाही ते दिसलं कारण तुम्ही पुण्यात असता.

एक काम करा, १०० पानी वही घ्या आणि आईला तारखा लिहायला सांगा. विशेषणं नकोत. ‘विचित्र वागतो’ याचा डॉक्टरला काही उपयोग नाही. ‘१२ तारखेला रात्री दोन ते पाच खोलीत फेऱ्या मारत होता, १४ ला जेवला नाही, १५ ला मोटर चालू झाल्यावर कानात बोटं घालून बसला’ याचा खूप उपयोग आहे. कधी सुरू झालं, त्याआधी काही ताप, अपघात, डोक्याला मार, फिट, गांजा किंवा दुसरं काही, घराण्यात कुणाला असं होतं का, कुणी आत्महत्या केली होती का. हे शेवटचे दोन प्रश्न विचारले की आमच्यासमोर आईवडील एकमेकांकडे बघतात आणि मग दहा मिनिटांनी कुठलातरी चुलता बाहेर येतो जो ‘साधू झाला होता’. लपवू नका, तो चुलता निदानाला मदत करतो.

आजाराचं नाव मी इथून ठेवणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून सायकोसिस वाटतो पण सायकोसिस कशामुळे हे बघूनच कळतं. स्किझोफ्रेनिया (भास आणि संशय ज्यात लांबत जातात तो आजार) असू शकतो, बायपोलरची (मन कधी अति उत्साहात, कधी खोल उदासीत जातं तो आजार) तेजी किंवा खोल डिप्रेशन असू शकतं, गांज्यामुळे असू शकतं (होस्टेल म्हटल्यावर हा प्रश्न विचारावाच लागतो, चिडू नका), थायरॉईड आणि काही मेंदूचे आजारही असंच रूप घेऊन येतात. म्हणून रक्त लघवी तपासतात, कधी स्कॅन करतात. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला आयुष्यात कधीतरी होतो, मुलांमध्ये बहुतेकदा विशीच्या आसपास, मुलींमध्ये थोडा उशिरा. तालुक्याला असे किती होतील हिशोब करून बघा, म्हणजे ‘आमच्याच घरात का’ याचं उत्तर मिळेल. आणि हो, म्हाताऱ्या माणसाला एकदोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर ते वेगळं प्रकरण, तिथे आधी फिजिशियनकडे पळायचं, सोडियम कमी झालेलं असतं नाहीतर कुठेतरी इन्फेक्शन.

आठ महिने झालेत. लाज वाटावी म्हणून हे सांगत नाहीये, बहुतेक घरात वर्षभर जातंच. पण उपचाराविना जितके दिवस जातात तितकं परत रुळावर येणं अवघड होतं, हे आता जगभर मान्य आहे. त्यामुळे ‘परीक्षा होऊ दे’, ‘तुझं लग्न होऊ दे मग बघू’ हे नको.

डॉक्टरकडे न्यायचे रस्ते. पहिल्यांदा तुम्हीच जा, वही घेऊन, त्याच्याशिवाय. बरेच मानसोपचारतज्ज्ञ नातेवाईकांना भेटतात, न बघितलेल्या पेशंटला औषध लिहिणार नाहीत पण पुढचं कसं करायचं ते सांगतील. तुम्हाला मिरज जवळ आहे, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, जिल्हा रुग्णालयांतही हा विभाग असतो आणि केसपेपरचे पैसे किरकोळ. टेलिमानस म्हणून सरकारची फोन सेवा आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू झाली, चोवीस तास, मराठीत बोलतात, पेशंटनेच फोन केला पाहिजे असं काही नाही. गावातल्या नेहमीच्या डॉक्टरला विश्वासात घ्या, तुमच्या भावाचं त्यांच्याशी लहानपणापासूनचं नातं असेल तर ‘झोपेसाठी मिरजेच्या सरांना दाखवून ये’ हे त्यांनी म्हटलेलं तुमच्या दहा वेळा म्हटल्यापेक्षा जड असतं.

नाहीच आला तर? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. त्यात साधारणपणे माणसाने स्वतःच्या मर्जीने ॲडमिट व्हायचं असं धरलंय. पण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशी वेळ आली असेल किंवा तो स्वतःची किमान काळजीसुद्धा घेऊ शकत नसेल, आणि त्याला निर्णय घ्यायला फारच आधार लागतोय असं असेल, तर घरच्या प्रतिनिधीच्या अर्जावर त्याची संमती नसतानाही ३० दिवसांपर्यंत ॲडमिट करता येतं, त्यासाठी दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावाच लागतो. साखळीने बांधणं या कायद्याने कुठल्याही कारणासाठी बंद. हे अँब्युलन्स पाठवून दोन पैलवान घेऊन उचलून नेणारे जे खासगी लोक असतात त्यांच्या नादी लागायच्या आधी त्या जागेची नोंदणी आहे का, तिथे मानसोपचारतज्ज्ञ रोज येतो का हे विचारा. मी अशा एका ठिकाणाहून सोडवून आणलेला मुलगा पाहिलाय, पुढे सहा वर्षं तो कुठलीही पांढरी गाडी दिसली की घरात पळायचा. आजारापेक्षा ते भरायला जास्त वेळ लागला.

आपल्याकडे मोठी सरकारी मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, गोव्यात बांबोळीला संस्था आहे. लोकांना वाटतं वेडा झाला की तिथेच आणि तिथे गेला की कायमचा. तसं राहिलेलं नाही. बहुतेकांना ॲडमिट करावंच लागत नाही, लागलं तर दोनतीन आठवडे, आणि ते जवळच्या जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डातही होतं जिथे शेजारच्या मजल्यावर कुणाचं अपेंडिक्स काढलेलं असतं.

देवऋषाबद्दल. मी आईला बोलणार नाही आणि तुम्हीही बोलू नका. पोरासाठी जे सुचलं ते तिने केलं. माझ्या टेबलासमोर आलेल्यातले निम्मे तरी आधी कुठल्यातरी दर्ग्यावर, मठात, भगताकडे जाऊन आलेले असतात आणि मी विचारते तिथे काय सांगितलं, कारण ते विचारल्याशिवाय मनातलं बाहेर येत नाही. नवस करा, गुरुवार करा, लिंबू उतरवा, माझी ना नाही, गोळी चालू ठेवून करा. पण अंगाला हात लावणं, मिरचीची धुरी, दोरखंड साखळी, उपाशी ठेवणं, हे आलं की तिथून उठायचं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे त्यात यातले बरेचसे गुन्हे आहेत. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला दर्ग्याजवळच्या एका आश्रमाच्या झोपडीला आग लागली, पेशंट साखळीने बांधलेले होते म्हणून पळता आलं नाही, पंचवीसहून जास्त माणसं मेली. बांधून ठेवणारे नातेवाईक राक्षस नव्हते, त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं की काही दिवसांत बरा होईल.

गोळ्यांवर थोडं. पहिला आठवडा झोप आणि शांतपणा येतो, घरचे म्हणतात आला गुण. खरं काम दोन ते सहा आठवड्यांत दिसायला लागतं, संशय एकदम जात नाही, आधी त्याची धार जाते. ‘मोटर अजून चालू होते पण मला आता काही फरक पडत नाही’ असं एके दिवशी तो म्हणेल, त्या दिवशी पेढे वाटावेत अशी प्रगती आहे ती. साईड इफेक्ट आधीच माहिती करून घ्या नाहीतर तिथेच गाडी अडते. काही इंजेक्शन-गोळ्यांनी पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होते, जीभ बाहेर येते, डोळे वर जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं अंगात आलं, देवऋषी म्हणत होता तेच खरं! घाबरू नका, हे औषधामुळे होतं, हॉस्पिटलमध्ये एका इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतं. कुणाला एका जागी बसवत नाही, पाय हलत राहतात. कुणाचं वजन सहा महिन्यांत दहा किलो वाढतं, त्यासाठी साखर आणि पोट मोजत राहायचं. लैंगिक तक्रारी मुलं कुणालाच सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात, म्हणून डॉक्टरला म्हणावं की त्याला एकट्याला विचारा, आम्ही बाहेर थांबतो. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन ही नावं तुमच्या कानावर येतील, औषध बदलता येतं, डोस बदलता येतो, रोजच्या गोळीचा कंटाळा असेल तर दोन चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनंही आहेत. बरं वाटायला लागल्यावरही निदान वर्ष दोन वर्षं चालू ठेवायला सांगतात, आणि ‘आता बरा आहे मग कशाला’ म्हणून बंद केलेली गोळी हे परत ॲडमिट होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

चहात, भाजीत गोळी कुस्करून घालायचा विचार तुमच्या आईच्या मनात आलाय किंवा येईल. सगळ्या आयांच्या येतो. मला सुरुवातीच्या काळात एका माऊलीने हळूच सांगितलं होतं आणि मी गप्प बसले, मनात म्हटलं औषध पोटात जातंय ना. पाच महिन्यांनी मुलाला ग्लासाच्या तळाशी पांढरा थर दिसला. आपल्या जेवणात काहीतरी घालतात असा संशय असलेला मुलगा तो, आणि तो संशय खरा निघाला, आता त्याला कोण सांगणार की तुला भ्रम आहे? त्यानंतर आईच्या हातचं त्याने कधीच खाल्लं नाही, स्वतः करून खायचा. तुमचा भाऊ आईने घास घेतल्यावर का होईना जेवतो. एवढाच दोरा शिल्लक आहे तो तोडू नका. नाइलाज झालाच तर डॉक्टरला विचारून, त्यांना माहीत असताना, थोडे दिवस. लपूनछपून लिथियम (बायपोलरमध्ये देतात ते औषध) तर कधीच नाही, त्याची रक्तातली पातळी तपासावी लागते आणि पाणी कमी पडलं, जुलाब झाले तरी विषबाधा होते.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, घरातली भाषा. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाच्या संशोधकाला एक गंमत दिसली, हॉस्पिटलमधून बरी होऊन गेलेली माणसं आईवडिलांकडे किंवा बायकोकडे राहायला गेली की जास्त परत यायची, आणि भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेली की कमी. लोकांना हे आवडलं नाही, आईबापांवर खापर फोडता का म्हणून. पुढे बरीच वर्षं घराघरातल्या मुलाखती ऐकून तीन गोष्टी हाती लागल्या, सतत टीका, राग-तिरस्कार, आणि गरजेपेक्षा जास्त जीव गुंतवणं. ज्या घरात हे जास्त तिथे रिलॅप्स, म्हणजे आजार परत उलटणं, जास्त, कितीतरी जास्त. ऐंशीच्या दशकात चंदीगडला हाच अभ्यास झाला तेव्हा आपल्याकडच्या घरांत ही टीका लंडनपेक्षा बरीच कमी सापडली. मला वाटतं त्यावेळच्या घरात माणसं जास्त होती, रागवायला आजोबा असले तरी पाठीवरून हात फिरवायला काकू असायची. आता तीन खोल्यांत तीन माणसं आणि त्यातला एक आजारी, वाफ जायला जागाच नाही.

आजार आईबापांमुळे होतो असं यात कुठेही नाही, हे आईला नक्की सांगा. पण सांध्याच्या आजारात जशी थंडी तशी इथे टीका. ‘उठले का महाराज’, ‘आठ महिने आयतं गिळतोय’, ‘तुझ्या बरोबरीचा अमका पॅकेज घेतोय’, वडिलांना यात काही विशेष वाटत नसेल, त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच वाढवलं. त्यांना उपदेश नका करू, काम द्या. गोळ्यांचा डबा त्यांच्याकडे, डॉक्टरची तारीख त्यांच्याकडे, रोज संध्याकाळी मुलाला घेऊन मळ्यापर्यंत चालत जायचं आणि जाताना येताना काही न बोलता. गप्प बसणाऱ्या बापांना हे काम फार छान जमतं. आणि टीका करायचीच झाली तर वागण्यावर करा माणसावर नको, ‘ताट खोलीत ठेवू नकोस, मोरीत आणून ठेव’ हे चालतं, ‘तू असाच आहेस’ हे नाही.

आईचं उलटं टोक. २३ वर्षांच्या पोराला भरवणं, त्याच्या दाराशी चटई टाकून झोपणं, तो उठायच्या आधी चप्पल पुढे. तो खोलीतून बाहेर यायला कारणच उरत नाही. एक छोटं काम त्याचं असू दे, मोटर सोडून दुसरं काहीही, कुत्र्याला भाकरी घालणं, झाडांना पाणी.

औषधाने भास गेले की नवीन भांडण चालू होतं, ‘आता तर बरा आहे, मग दिवसभर लोळतो का?’ संशय, आवाज हे आजाराचं गोंगाट करणारं तोंड, पण त्याला दुसरं मुकं तोंड आहे, इच्छाच न होणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, बोलायला शब्द न येणं. ते औषधाने फार कमी हलतं, हळूहळू दिनक्रमाने हलतं, त्याला महिने लागतात. आणि याच काळात त्याला स्वतःला कळायला लागतं की आपलं काय झालं होतं, वर्गातले पुढे गेले. घरच्यांना वाटतं संकट टळलं आणि नेमका तेव्हा तो आतून खचलेला असतो. तेव्हा त्याला सरळ विचारा, ‘जगू नये असं वाटतं का रे’. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. शेती आहे म्हणजे फवारणीची औषधं घरात असणार, ती आजच घराबाहेर दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात कुलपात ठेवा, हे मी सगळ्या घरांना पहिल्या दिवशी सांगते, भाऊ हसतखेळत असला तरी. आवाज ‘असं कर, तसं कर’ म्हणून हुकूम द्यायला लागले, त्याने वस्तू वाटून टाकायला सुरुवात केली, दोन दिवस खाणं पाणी बंद झालं, किंवा त्या शेजाऱ्याला ‘बघतोच’ म्हणायला लागला तर वही, प्रेम, हळूहळू वगैरे सगळं बाजूला, त्याच दिवशी हॉस्पिटल, गरज पडली तर ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन. तो चिडलेला असताना दारात उभं राहून वाट अडवू नका, एकानेच बोलायचं, आवाज खाली, बाकीचे बाहेर.

मामांना सांगा लग्न हे औषध नाही. आजार लपवून केलेलं लग्न कोर्टात रद्द होऊ शकतं ही झाली कायद्याची बाजू. मी जास्त पाहिलंय ते मुलींचं, माहेरच्यांनी पर्समध्ये गोळ्यांची पट्टी ठेवून पाठवणी केलेली आणि सासरी कुणी बघेल म्हणून पहिल्याच आठवड्यात बंद झालेली गोळी, मग पहिल्या बाळंतपणानंतर सगळं वर येतं आणि बाळ एकीकडे आई एकीकडे. बरं होऊन, सांगून, समजून केलेली लग्नं टिकलेलीही माझ्यासमोर आहेत. तुमच्या लग्नाचं म्हणाल तर तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या मनात असणार म्हणून सांगते, सख्ख्या भावंडाला स्किझोफ्रेनिया असेल तर आपल्याला व्हायची शक्यता नऊदहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नव्वद टक्के नाही, आणि तुमच्या मुलांना त्याहून बरीच कमी. ज्या स्थळाला हे सांगितल्यावर पळ काढावासा वाटेल ते स्थळ आधीच पळालेलं बरं, पण हे माझं मत झालं, बायोडेटा घेऊन फिरायचं तुम्हाला आहे.

कागदपत्रांचं आत्ता नको पण लक्षात असू द्या. आजार लांबला तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर प्रमाणपत्रावर सवलती मिळतात, वडील सरकारी नोकरीत असतील तर कमवू न शकणाऱ्या मुलाला त्यांच्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळायची तरतूद असते, त्यासाठी त्यांच्या हयातीतच नोंद करून ठेवलेली बरी. ‘आमच्यानंतर याचं कोण’ हा प्रश्न प्रत्येक आईबाप शेवटी विचारतात, दारातून बाहेर पडताना, आणि मग बहिणीकडे बघतात. तुम्ही तेव्हा लगेच हो म्हणू नका. काय जमेल काय नाही ते ठरवून सांगा, महिन्याला इतके पैसे, डॉक्टरच्या तारखेला मी येईन, असं. अशा घरांचे स्वमदत गट असतात, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा आहे, तुम्ही पुण्यातच आहात तर भावाचं निदान व्हायची वाट न बघता एकदा जाऊन नुसत्या मागे बसून या. जगन्नाथ वाणींनी ती संस्था काढली, त्यांच्या पत्नीला हा आजार होता, त्यामुळे तिथे तुम्हाला सुरुवातीपासून समजावून सांगावं लागणार नाही.

आईला एवढं विचारा की ती शेवटची सलग पाच तास कधी झोपली होती. उत्तर आलं नाही तर या शनिवार रविवार तुम्ही दाराशी झोपा आणि तिला मावशीकडे पाठवा. सोमवारी वही घेऊन मिरजेला जा, ओपीडीला गर्दी असते, सकाळी लवकर पोचा, डबा न्या. भाऊ तयार झाला तर खिडकीची सीट त्याला, वडील मागे, आणि एसटीत आजाराबद्दल कुणी एक शब्द काढायचा नाही.